परसबागेतील निसर्गसंवर्धनाचे पुस्तक कोणाला झेपेल आणि किती वेळात वाचून होईल, हे कसे ठरवावे?

शाळेतील राष्ट्रीय हरित सेना या पर्यावरण मंडळाची जबाबदारी नव्याने अंगावर आलेले शिक्षक, सोसायटीत मुलांचा वाचनगट सुरू करणारे पालक आणि शाळेच्या छोट्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडणारे कार्यकर्ते यांच्यापुढे दोन प्रश्न हमखास येतात. समोरचे पुस्तक कोणत्या इयत्तेच्या मुलाला झेपेल, आणि ते वाचून व्हायला किती वेळ लागेल? गोष्टीच्या पुस्तकाबाबत या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने देता येतात. अंगणातली माती, पाणी, झाडे, कीटक आणि पक्षी कसे जपावेत हे सांगणाऱ्या पुस्तकाबाबत मात्र अंदाज चुकतो, कारण त्यातला काही भाग वाचायचा असतो, काही समजून घ्यायचा असतो आणि बराचसा प्रत्यक्ष करायचा असतो. अशा पुस्तकाला एकच पातळी आणि एकच वेळ लावून चालत नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे सगळे टप्पे मांडले आहेत.

नाशिकमध्ये मुलांबरोबर अशी पुस्तके वाचताना माझी जी पद्धत बसत गेली, तीच येथे क्रमाने देत आहे. एका पुस्तकाची पाहणी एका सुटीच्या दिवसात आरामात होते.

आधी जवळ काय ठेवावे

- पुस्तकाची एक प्रत. विकत घेण्याआधी ती वाचनालयातून आणता आली तर उत्तम. नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. शहरात नव्याने आलेल्या पालकांनी सभासदत्वाची चौकशी तेथूनच सुरू करावी.
- पुस्तकातील तीन पानांच्या झेरॉक्स प्रती. कोणती तीन, ते पुढे सांगितले आहे.
- पेन्सिल, रेघांचे कागद आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच.
- बालभारतीची तिसरी ते पाचवीची ‘परिसर अभ्यास’ आणि सहावी ते आठवीची ‘सामान्य विज्ञान’ ही पाठ्यपुस्तके. बालभारतीच्या संकेतस्थळावर त्यांच्या पीडीएफ विनामूल्य मिळतात.
- ज्या वयासाठी पुस्तक हवे आहे त्या वयाची दोन-तीन मुले. पालकांना आधी कल्पना द्यावी आणि ही परीक्षा नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

१. पुस्तक कोण वाचणार आणि कसे वाचणार, हे लिहून काढा

मूल एकटे वाचणार, मोठे माणूस मोठ्याने वाचून दाखवणार, की गट मिळून एकेक प्रकरण वाचून ती कृती करणार? एकच पुस्तक या तीन प्रकारांत तीन वेगवेगळ्या इयत्तांना चालते. ऐकून समजण्याची मुलांची ताकद स्वतः वाचून समजण्याच्या ताकदीच्या पुढे असते, त्यामुळे सहावीच्या पातळीचे पान चौथीच्या वर्गाला वाचून दाखवले तर ते बहुधा समजते. हे एक वाक्य आधी कागदावर लिहिले नाही, तर पुढची सगळी मोजणी कशासाठी केली याचा पत्ता लागत नाही.

२. छापील वयोगटावर आणि इंग्रजी आकड्यांवर विसंबू नका

मलपृष्ठावर ‘वयोगट ८ ते १२’ असे छापलेले असते. आठ वर्षांचे मूल तिसरीत असते आणि बारा वर्षांचे सातवीत. या पाच इयत्तांमध्ये वाचनात जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून या शिक्क्यातून फार काही हाती लागत नाही. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या आंतरजालावरील मुक्त संग्रहातील पातळ्या त्या मानाने उपयोगी आहेत. तेथे चार पातळ्या असून पहिल्या पातळीची गोष्ट सुमारे २५० शब्दांच्या आत, दुसरीची ६०० पर्यंत, तिसरीची १,५०० पर्यंत आणि चौथीची त्याहून मोठी असते. निसर्गावरच्या मराठी गोष्टीही तेथे आहेत. परसबागेच्या माहितीपर पुस्तकाकडे वळण्यापूर्वी मूल यांपैकी कोणत्या पातळीची गोष्ट सहज वाचते, हे पाहून ठेवावे.

मूळ इंग्रजी पुस्तक असेल तर त्याच्या माहितीत एखादा आकडा दिलेला असतो. त्यांपैकी फ्लेश-किंकेड हे सूत्र १९७५ मध्ये अमेरिकी नौदलाच्या कामासाठी तयार झाले. एका वाक्यात सरासरी किती शब्द आणि एका शब्दात सरासरी किती उच्चारघटक, एवढ्यावरून ते अमेरिकेतील इयत्ता सांगते. हे सूत्र मराठीला लावू नये. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, त्यामुळे शब्द लांब होतात आणि वाक्यातील शब्दसंख्या घटते. परिणामी सूत्रातल्या दोन्ही मापांचा तोल बिघडतो. काही संकेतस्थळांवर देवनागरी मजकूर टाकला तरी आकडा उमटतो. तो पाहून पुस्तक नाकारू नये आणि स्वीकारूही नये.

३. तीन प्रकारची तीन पाने निवडा

पहिले पान वाचून पुस्तक जोखणे हा सर्वांत नेहमीचा घोटाळा आहे. प्रस्तावनेची भाषा बहुतेक वेळा मोठ्यांसाठी असते, तर पहिले प्रकरण मुद्दाम सोपे लिहिलेले असते. त्याऐवजी पुस्तकाच्या मध्यातून तीन पाने घ्यावीत:

- वर्णनाचे किंवा गोष्टीचे एक पान, उदाहरणार्थ अंगणात सकाळी कोणते पक्षी येतात;
- कारण समजावणारे एक पान, उदाहरणार्थ पालापाचोळ्याखाली माती ओली का राहते;
- कृतीचे एक पान, उदाहरणार्थ खताचा खड्डा कसा भरावा.

तिसऱ्या प्रकारचे पान कधीही वगळू नये. मुले अडकतात ती तिथेच.

४. वाक्ये मोजा, पण मोजणीला शेवटचा शब्द देऊ नका

प्रत्येक पानावरचे सुमारे शंभर शब्द घ्यावेत, त्यांत किती वाक्ये आहेत ते मोजावे आणि भागाकार करावा. हीच मोजणी बालभारतीच्या पुस्तकांतील एकेका पानावर करावी. कोणत्या इयत्तेच्या पानाशी आकडा जुळतो ते पाहिले की पहिला अंदाज मिळतो. आपल्या मुलांना रोज वाचावा लागणारा मजकूर तोच असल्याने त्याच्याशी केलेली तुलना कोणत्याही परदेशी मोजपट्टीपेक्षा जवळची ठरते.

आता ही मोजणी कुठे फसते ते पाहू. पुढचे तीन नमुने मी याच कामासाठी लिहिले आहेत.

पहिला नमुना: ‘पालापाचोळा जाळू नका. तो झाडाच्या बुंध्याभोवती पसरा. त्याच्याखाली माती ओली राहते.’ येथे तीन वाक्यांत अकरा शब्द आहेत.

दुसरा नमुना: ‘मृदेतील आर्द्रतेचे बाष्पीभवन रोखण्यासाठी सेंद्रिय आच्छादनाचा वापर उपयुक्त ठरतो.’ हे एकच वाक्य आहे आणि त्यात नऊच शब्द आहेत.

तिसरा नमुना: ‘पावसाळा सुरू झाला की गच्चीवरून जे पाणी धो धो वाहत खाली येते, ते गटारात जाऊ न देता शोषखड्ड्यात सोडले तर जमिनीत मुरते आणि पुढे विहिरीला मिळते.’ हे सव्वीस शब्दांचे एक वाक्य आहे.

वाक्याची लांबी हेच माप धरले तर तिसरा नमुना सर्वांत अवघड ठरायला हवा. प्रत्यक्षात चौथीचे मूल तो एका दमात वाचते, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट त्याने पाहिलेली असते आणि वाक्य बोलण्याच्या ओघात पुढे सरकते. दुसऱ्या नमुन्यापाशी तेच मूल थांबते. पहिला आणि दुसरा नमुना जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. फरक आहे तो नामांच्या दाटीचा आणि जोडाक्षरांचा. म्हणून वाक्ये मोजून झाली की त्याच शंभर शब्दांत, क्रियापद बाजूला सारून त्याचे नाम बनवलेले किती शब्द आहेत (रोखणे ऐवजी प्रतिबंध, कुजणे ऐवजी विघटन, वाढणे ऐवजी वृद्धी) त्यांवर पेन्सिलीने खूण करावी. माझ्या मते मराठी माहितीपर पुस्तकाची खरी पातळी या खुणांवरून सर्वांत लवकर कळते.

५. संज्ञांची यादी करा आणि ती तीन रकान्यांत मांडा

या टप्प्याला घाई करू नये. परसबागेच्या पुस्तकात एकीकडे अधिवास, परिसंस्था, परागीभवन, स्थानिक प्रजाती, जैवविविधता असे शब्द येतात आणि दुसरीकडे वाफा, आळे, शेणखत, ठिबक, कलम, रोप असे. कागदावर तीन रकाने आखावेत: मुलाला माहीत असलेले शब्द, पुस्तकानेच त्या ठिकाणी समजावलेले शब्द, आणि कुठेही न समजावता वापरलेले शब्द. तिसरा रकाना भरू लागला की पुस्तकाची पातळी वर जाते, मग वाक्ये कितीही छोटी असोत. चांगल्या लेखकाने ‘परागीभवन’ हा शब्द आणण्यापूर्वी भोपळ्याच्या फुलावर बसलेली आणि पिवळ्या धुळीने माखलेली मधमाशी दाखवलेली असते. असे पान सापडले की ते पुस्तक एखादी इयत्ता खाली उतरवले तरी हरकत नाही.

यादी करताना एक गोष्ट नाशिक जिल्ह्यात फार प्रकर्षाने जाणवते. दिंडोरी किंवा निफाडकडच्या मळ्यात वाढलेले पाचवीतले मूल ठिबक, मल्चिंग, फवारणी, बोद हे शब्द जेवणाखाण्याच्या गप्पांत ऐकत असते. इंदिरानगर किंवा कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आठवीतल्या मुलाला त्यांतले निम्मे शब्द परके असतात. पाण्याच्या बचतीचे प्रकरण दोघांपुढे ठेवले तर लहान मूल पुढे निघून जाते. विषयाची ओळख वाचनकौशल्यातील उणीव किती भरून काढते, हे १९८८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. बेसबॉल चांगला ठाऊक असलेल्या पण वाचनात मागे असलेल्या मुलांना बेसबॉलवरचा उतारा, वाचनात पुढे असलेल्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा अधिक समजला. म्हणून पातळी लिहिताना ‘इयत्ता पाचवी’ एवढेच लिहून थांबू नये, तर ‘शेतीची ओळख असल्यास पाचवी, नसल्यास सातवी’ असे लिहावे.

अनुवादित पुस्तकात आणखी तीन सापळे असतात.

पहिला सापळा नावांचा. मूळ पुस्तकातला ‘रॉबिन’ अनुवादात तसाच राहतो. अमेरिकेतला रॉबिन वेगळा, युरोपातला वेगळा आणि आपल्या अंगणात शेपटी उभारून फिरणारा चिरक वेगळा. मुलाने पुस्तक वाचून आवारात रॉबिन शोधला तर तो सापडणार नाही, आणि पुस्तक चुकीचे आहे असा त्याचा समज होईल. अशा नावांपुढे पेन्सिलीने आपल्याकडचा पक्षी लिहून ठेवावा: दयाळ, चिरक, बुलबुल, शिंपी, शिंजीर.

दुसरा सापळा मापांचा. एकर, गॅलन, इंच आणि फॅरनहाइट या मापांपाशी वाचनाचा वेग तुटतो. खताच्या ढिगाचे तापमान १४० अंश असावे असे वाचल्यावर मुलाला ढीग उकळतो आहे असे वाटते. ते फॅरनहाइट असून आपल्या मापात ६० अंश सेल्सिअस होते. एक अमेरिकी गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर. पुस्तकात अशी मापे किती ठिकाणी आहेत ते मोजावे. पानोपानी असतील तर रूपांतराचा तक्ता करून मागच्या बाजूला चिकटवावा.

तिसरा सापळा ऋतूंचा. त्याविषयी आठव्या टप्प्यात सविस्तर लिहिले आहे.

६. मुलाकडून पान वाचून घ्या

वर केलेली सगळी मोजणी या टप्प्यात पडताळून पाहायची असते. तिन्ही पानांवरचा प्रत्येकी शंभर शब्दांचा उतारा मुलाला मोठ्याने वाचायला द्यावा, स्टॉपवॉच लावून लागलेला वेळ टिपावा आणि आपल्या प्रतीवर अडखळलेल्या शब्दांखाली रेघ मारावी. एमेट बेट्स या अमेरिकी अभ्यासकाने १९४६ मध्ये मांडलेले प्रमाण आजही हाताशी ठेवण्याजोगे आहे: शंभरातले नव्याण्णव शब्द बरोबर आले तर मूल ते पुस्तक एकटे वाचू शकते, पंचाण्णवच्या आसपास आले तर मदतीने वाचू शकते, आणि नव्वदच्या खाली गेले तर त्या पुस्तकाने त्याची दमछाक होईल.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. उच्चारातला फरक ही वाचनातली चूक नाही. बागलाण, कळवण, मालेगाव या भागांत घरी अहिराणी बोलली जाते, पेठ-सुरगाण्याकडे कोकणा बोलणारी मुले आहेत. ‘पाणी’ हा शब्द कोणी ‘पानी’ असा वाचला आणि त्याला अर्थ कळला, तर त्या शब्दाखाली रेघ मारू नये. भर वाचनात उच्चार सुधारत बसले की मूल पुढचे पान तोंड मिटूनच वाचते, आणि आपल्याला हवी असलेली माहिती हातची जाते.

वाचून झाल्यावर पुस्तक मिटवून तीन प्रश्न विचारावेत: पानात काय सांगितले, ते तसे का होते, आणि आपल्या आवारात ते कुठे करता येईल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आले पण दुसऱ्याचे आले नाही, तर मुलाने अक्षरे वाचली, मजकूर वाचला नाही. कृतीच्या पानासाठी प्रश्नांऐवजी साहित्यच समोर ठेवावे. कुंडी, वाळलेला पाला, भाजीची देठे आणि थोडी माती देऊन ‘पानात सांगितल्याप्रमाणे थर लाव’ एवढेच म्हणावे. ओला कचरा आणि सुका पाला यांचे थर मूल आलटून पालटून लावते की सगळे एकदम ओतते, यावरून पान समजले की नाही ते लगेच दिसते.

मोठ्या मुलांसाठी आणि नवख्या पालकांसाठी दुसरी एक चाचणी आहे. उताऱ्यातला दर पाचवा शब्द गाळून त्या जागी रेघ ठेवायची आणि वाचकाला रिकाम्या जागा भरायला सांगायच्या. विल्सन टेलर यांनी ती १९५३ मध्ये मांडली. तिचे उत्तीर्णतेचे आकडे इंग्रजीवरून ठरले असल्यामुळे मराठीत ती फक्त दोन पुस्तकांची आपसांत तुलना करण्यासाठी वापरावी.

७. वाचनवेळ काढा

पानांच्या संख्येला ठरावीक मिनिटांनी गुणले की वेळ निघत नाही. क्रम असा ठेवावा.

(क) एका पूर्ण पानावरच्या ओळी मोजा, पाच ओळींतील शब्दांची सरासरी काढा आणि गुणाकार करा. हे पानामागे शब्द झाले.

(ख) पुस्तकातली पाने प्रकारवार वेगळी मोजा: वर्णनाची, कारण समजावणारी, कृतीची, नुसत्या चित्रांची, नावे लिहिलेल्या आकृत्यांची.

(ग) मुलाने प्रत्येक प्रकारचे पान एका मिनिटात किती शब्द या गतीने वाचले, ते सहाव्या टप्प्यातच घड्याळ लावून टिपलेले असावे.

(घ) प्रत्येक प्रकाराचे शब्द त्याच प्रकाराच्या गतीने भागा आणि बेरीज करा.

उदाहरणासाठी ९६ पानांचे एक कल्पित पुस्तक घेऊ. त्यात श्रेयनामावली, अनुक्रमणिका वगैरे ८ पाने, नुसत्या चित्रांची १२, आकृत्यांची ८ आणि मजकुराची ६८ पाने आहेत, आणि पानावर सुमारे १४० शब्द आहेत. वर्णनाची ३० पाने म्हणजे ४,२०० शब्द, कारणांची २६ म्हणजे ३,६४० आणि कृतीची १२ म्हणजे १,६८०. सहावीतल्या एका मुलाने या तीन प्रकारांची पाने मिनिटाला अनुक्रमे ११०, ८० आणि ५० शब्द या गतीने वाचली असे समजू. वेळ होतो ३८, ४६ आणि ३४ मिनिटे, म्हणजे जवळजवळ दोन तास. चित्रांना प्रत्येकी अर्धा मिनिट आणि आकृत्यांना प्रत्येकी तीन मिनिटे धरली की आणखी अर्धा तास वाढतो. एकूण अडीच तास. हेच सगळे एकट्या ११० या गतीने भागले असते तर सुमारे ८७ मिनिटे निघाली असती, आणि वीस-वीस मिनिटांच्या आठ बैठकांऐवजी पाचांचीच आखणी करून वाचनगट शेवटच्या प्रकरणांपर्यंत पोहोचलाच नसता. ती शेवटची प्रकरणे बहुधा कृतीचीच असतात.

स्वतःची मोजणी करण्यापूर्वी अंदाज हवा असेल तर दोन आकडे उपयोगी पडतात. निपुण भारत या २०२१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थासह वाचणे हे उद्दिष्ट ठेवले आहे. प्रौढांबाबत, इंग्रजीतील माहितीपर मजकूर मनात वाचण्याची सरासरी गती मिनिटाला २३८ शब्द आणि मोठ्याने वाचण्याची १८३ शब्द असल्याचे २०१९ मधील एका व्यापक आढाव्यात दिसले. मराठी शब्द लांब असल्याने हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. पण मोठ्याने वाचायला वेळ अधिक लागतो, हे गटवाचनाची आखणी करताना लक्षात असू द्यावे. गटात प्रश्न येतात, कोणीतरी आपल्या आजीच्या परड्यातली गोष्ट सांगतो, आणि सांगू द्यावी. अशा वाचनाला निघालेल्या वेळेच्या दुप्पट वेळ राखून ठेवावा.

८. करून पाहण्याचा वेळ वेगळा धरा आणि तो नाशिकच्या ऋतूंशी जुळवा

पुस्तक अडीच तासांत वाचून होईल. त्यातले खत मात्र तयार व्हायला दोन ते तीन महिने घेईल. म्हणून नोंदीत वाचनवेळ आणि कृतीवेळ हे दोन आकडे नेहमी वेगळे लिहावेत, आणि प्रकरणे छापलेल्या क्रमाने न घेता आपल्या हवामानाच्या क्रमाने घ्यावीत. परदेशी पुस्तक मार्च-एप्रिलमध्ये रोपे लावायला सांगते आणि ऑक्टोबरमध्ये गळलेली पाने गोळा करायला. आपल्याकडे एप्रिलमध्ये लावलेले रोप जगवायला पाणी घालून घालून हात दुखतात, आणि पानगळ हिवाळ्याच्या अखेरीस होते.

साधारण आखणी अशी करता येईल. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर वृक्षलागवड, शोषखड्डा आणि गच्चीवरच्या पाण्याची प्रकरणे घ्यावीत. जुलै ते सप्टेंबर हा फुलपाखरांचा काळ. कढीपत्ता किंवा लिंबाच्या झाडाची कोवळी पाने उलटून पाहावीत. तेथे पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, काळपट-पांढरी, ओलसर चमकणारी एक छोटी अळी असते. कात टाकत टाकत ती शेवटी पानासारखी हिरवीगार होते आणि हात लावला तर डोक्याजवळून शिंगांसारखा एक उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास साधारण महिन्याभराचा असतो, म्हणून त्या प्रकरणाचा वाचनवेळ दहा मिनिटे असला तरी कृतीवेळ एक महिना लिहावा. राज्य फुलपाखरू असलेले नीलवंतही याच लिंबूवर्गीय कुळातील झाडांवर अंडी घालते, हे मुलांना आवर्जून सांगावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्षिनिरीक्षणाची प्रकरणे घ्यावीत. पाणथळ जागांवरचे प्रकरण असेल तर ते या दिवसांत वाचून नांदूरमध्यमेश्वरला जावे. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्याचे २०२० मध्ये जाहीर झालेले हे राज्यातले पहिले ठिकाण आपल्याच निफाड तालुक्यात आहे. थंडीत खताचा ढीग संथ होतो, तेव्हा खत बिघडले असे समजून तो उपसू नये. पानगळ सुरू झाली की आच्छादनाचे प्रकरण काढावे, कारण साहित्य तेव्हा फुकट मिळते. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी उथळ पाण्याचे भांडे ठेवण्याचे प्रकरण घ्यावे, आणि पुस्तकात लिहिलेले नसले तरी ते पाणी रोज बदलण्याची आणि भांडे घासण्याची सूचना पानावर पेन्सिलीने लिहावी. साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतात.

स्थानिक वनस्पतींचे प्रकरण नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या वाटेवर वाचावे असे मला मनापासून वाटते. कंदीलपुष्प या रानफुलाची एक जात २००६ मध्ये तेथूनच शास्त्रात नोंदली गेली आणि तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. तेथे काहीही खुडायचे किंवा घरी लावायला आणायचे नाही, हे निघण्यापूर्वी सांगावे. घरच्या परसात लावायची रोपे रोपवाटिकेतूनच घ्यावीत.

९. अर्ध्या पानाची नोंद करून पुस्तकात ठेवा

नोंदीत एवढे असावे: एकटे वाचण्यासाठी इयत्ता, मदतीने वाचण्यासाठी इयत्ता, वाचून दाखवण्यासाठी इयत्ता, शेतीची ओळख असल्यास काय बदलते, न समजावलेल्या संज्ञा आणि त्यांचे सोपे अर्थ, वाचनवेळ, प्रत्येक प्रकरणाचा कृतीवेळ आणि महिना, कोणती पाने सोडली तरी चालतील. अर्थ लिहिताना अडचण आली तर मराठी विश्वकोश आंतरजालावर उपलब्ध आहे, पण त्यातली व्याख्या जशीच्या तशी उतरवू नये. ती मुलाला पुन्हा एकदा वाचून दाखवावी आणि त्याने ज्या शब्दांत समजून घेतली ते शब्द लिहावेत.

नोंदीखाली चार ओळी कोऱ्या ठेवाव्यात. पुढच्या वर्षी ते पुस्तक दुसऱ्या गटाने वाचले की त्यांना प्रत्यक्ष किती वेळ लागला आणि मुले कोणत्या पानावर अडली, ते त्यांनी तारीख घालून तेथे लिहावे. एखाद्या आकड्यात फरक पडला तर जुना आकडा खोडू नये, त्याच्या शेजारी नवा लिहावा, म्हणजे पुढे पुस्तक घेणाऱ्याला दोन्ही गट डोळ्यांसमोर ठेवून आपल्या मुलांसाठी निर्णय घेता येतो.